वाढवलेलं दुकान

"मॅडम, थोडासाच बदल आहे," असं ग्राहक म्हणाला की मी आधी चहा ठेवते. थोडासा बदल म्हणजे काय, ते एव्हाना मला पाठ झालंय. शाळेच्या फीचं सॉफ्टवेअर करून दिलं की थोडासा बदल म्हणून त्यांना बसचे मार्ग हवे असतात. मार्ग दिले की ड्रायव्हरची हजेरी. हजेरी दिली की ते म्हणतात, हे सगळं आम्हाला पहिल्यापासूनच अपेक्षित होतं. मी हो म्हणते. भांडायचा जोर आता उरलेला नाही.

गोंदियाजवळ फुलचूरला आमच्या घराच्या वरच्या खोलीत मी वेब ॲप्लिकेशन्स बनवते. भाषा पीएचपी आणि तिच्यावरची लॅराव्हेल नावाची फ्रेमवर्क. फ्रेमवर्क म्हणजे काय हे आईला समजावताना मी म्हटलं होतं, घराचा पाया, भिंती, नळाच्या लाइनी सगळं दुसऱ्यानं तयार ठेवलंय, आपण फक्त आपल्या सोयीनं खोल्या पाडायच्या. आई म्हणाली, "मंग तू एवढी थकून कायले राहिली?"

नवी मुलंमुली फोन करून टिप्स विचारतात. दुर्गेश्वरी मॅडम, लॅराव्हेल शिकतोय, काही सांगा ना. मी तेच तेच सांगते. पासवर्ड कोडमध्ये लिहू नका, त्याची वेगळी फाइल असते. चालू सर्व्हरवर थेट हात घालू नका. वेळ भारताची लावून घ्या, नाहीतर फ्रेमवर्क आपल्या मनानं परदेशातली वेळ धरते आणि सकाळी आठचा निरोप लोकांना दुपारी दीडला जातो. जड कामं एकदम करायला लावू नका, रांगेत टाका, मागून होत राहतील. आणि सगळ्यात मोठी गोष्ट ही की ग्राहक जे बोलला ते आपल्या शब्दांत लिहून त्याला वाचून दाखवा. तो "हो, हेच" म्हणाला की मगच कीबोर्डला हात लावा. ही टिप मी इतक्यांदा दिली आहे की बोलताना मला जांभई येते. मुन्नालाल काकाजींच्या वेळी नेमकी तीच मी पाळली नाही.

मुन्नालाल काकाजींचं गोंदियाच्या बाजारात तांदळाचं दुकान होतं. गुडघे बोलायला लागले तेव्हा ते त्यांनी पुतण्याला, भुपेंद्रला देऊन टाकलं. पण घरी बसून माणूस करणार काय? मग त्यांनी मला बोलावलं आणि घराच्या पुढच्या खोलीतून चालेल असं छोटंसं ऑनलाइन दुकान करून मागितलं. पुण्या-हैदराबादला गेलेल्या आपल्याकडच्या लोकांना तिथला तांदूळ घशाखाली उतरत नाही, त्यांना इथला सुवासिक चिन्नोर पाठवायचा, एवढीच कल्पना. मी ते मनापासून केलं. एक पान, चार प्रकारचे तांदूळ, एक बटण. ऑर्डर आली की काकाजींच्या फोनवर टुणकन वाजायचं. ते स्वतः मापून भरायचे, सुई-सुतळीनं पिशवीचं तोंड शिवायचे, आणि भुपेंद्रचा माणूस येऊन कुरिअरला नेऊन द्यायचा.

आठवड्यातून पाच-सहा ऑर्डरी यायच्या. "काकाजी, हे वाढवू या," असं मी कितीदा तरी म्हणाले असेन. ते हसायचे आणि म्हणायचे, "देखेंगे, बेटा." माझ्या सगळ्या कामांत तेच एक काम असं होतं ज्यात कोणी थोडासा बदल सांगितला नव्हता. संध्याकाळी डोकं उठलं की मी उगाच ते पान उघडून बघत बसायची.

दिवाळी झाल्यावर त्यांचा आवाजी निरोप आला. "दुर्गा बेटा, बहुत सोचा. काकी भी बोल रही है. अब ये ऑनलाइन वाली दुकान बढ़ा दो. तुमको जैसा ठीक लगे वैसा कर लेना."

मी तो दोनदा ऐकला आणि खुर्चीत सरळ बसले. माझं म्हणणं शेवटी एका तरी ग्राहकाला पटलं होतं. शाळेच्या बसवाल्यांना मी सांगून टाकलं की तब्येत बरी नाही, आणि मुन्नालाल काकाजींच्या दुकानाला लागले.

आता त्या कामाबद्दल सांगायचं तर ते मी खरोखर चांगलं केलं. एकाच जागी कोंबलेला कोड फोडून नीट वेगळा केला. जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा सगळं भरायला लागू नये म्हणून "मागच्यासारखंच पाठवा" असं बटण दिलं. आणि एक गोष्ट अशी केली की तिचा मला फार अभिमान वाटला. एखाद्यानं तांदूळ मागवून महिना होत आला की त्याला आपोआप एक निरोप जाईल, अशी सोय केली. निरोपाचे शब्द मीच लिहिले. "नमस्कार. घरातला तांदूळ संपत आला असेल. तुमची आठवण झाली. तुमचे मुन्नालाल काका." खाली उत्तर द्यायला काकाजींचा नंबर. निरोप माझ्या यंत्रणेतून जायचा, त्यामुळे काकाजींच्या फोनवर तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता. वेळ भारताची लावली. सकाळी आठ.

सगळं सर्व्हरवर चढवलं आणि त्यांना निरोप पाठवला, "काकाजी, तुम्ही सांगितलं तसं करून टाकलं." त्यांचा उलट निरोप आला, "जीते रहो."

ऑर्डरी धडाधड यायला लागल्या. आधी आठवड्याला पाच-सहा यायच्या, आता दिवसाला तेवढ्या. मी वरच्या खोलीत बसून आकडे बघायची आणि आनंदानं दुसरा चहा ठेवायची. कितीतरी दिवसांनी मला माझं काम आवडलं होतं. काकाजींचा फोन येत नव्हता. मी म्हटलं, कामात असतील.

मग ऑर्डरी अडकायला लागल्या. "भरणं चालू" या खान्यात नावं साचत गेली आणि "पाठवलं" मध्ये एखादंच जायचं. हैदराबादच्या एका बाईंनी लिहिलं की चिन्नोर मागवला होता, पिशवीत दुसराच जाडा तांदूळ निघाला. काकाजींच्या हातून असं कधी झालं नव्हतं. दोनदा फोन लावला, उचलला नाही. तेव्हा मी गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेले.

दार देवकाबाई काकूंनी उघडलं. या काकाजींच्या पत्नी, मूळच्या दरेकसा गावाकडच्या. लग्न होऊन गोंदियात आल्या त्याला जन्म लोटला, पण बोली सोडली नाही. नेहमी "ये गे बाई" म्हणणाऱ्या काकू दारातच उभ्या राहिल्या.

"आता कायले आली?"

"काकू, काकाजी फोन उचलत नाहीत म्हणून..."

"उचलतीन कसे? हात रिकामे असले पायजे ना. जा, पाह्य आत जाऊन."

पुढच्या खोलीत चालायला जागा नव्हती. भिंतीपर्यंत तांदळाचे कट्टे, पोत्यावर पोतं रचलेलं, मध्ये वजनकाटा आणि त्याच्या शेजारी जमिनीवर काकाजी. अंगात बनियन, घामानं भिजलेली. एका पिशवीचं तोंड शिवत होते. दर टाक्यानंतर थांबून श्वास घेत होते. मला बघून त्यांचा चेहरा मात्र फुलला.

"आओ बेटा, देखो तमाशा! तूने दुकान बढ़ा दी, फिर भी लोग घुस-घुसकर ऑर्डर डाल रहे हैं. मान ही नहीं रहे!"

मला काही कळेना. "काकाजी, वाढवलं म्हणूनच तर ऑर्डरी येतात."

"अरे, बढ़ा दी मतलब..." ते हसले आणि हसताना खोकले. "मतलब हो गया ना अपना. राम राम. दुकान को बंद थोड़े ही बोलते हैं, बेटा. अशुभ होता है. मेरे बाप ने कभी नहीं बोला, मैंने भी नहीं बोला. शाम को भी यही बोलते थे, चलो, दुकान बढ़ाओ."

मी तांदळाच्या एका कट्ट्यावर बसले.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. आमच्या घरी बांगडी फुटली तर आई "फुटली" म्हणत नाही, वाढवली म्हणते. नारळ आपण वाढवतो. लहानपणी बाजारातले शेठ लोक संध्याकाळी हेच बोलताना मी शंभरदा ऐकलेलं आहे. पण कॉम्प्युटरसमोर बसले की माझ्या डोक्यात वाढवणे या शब्दाला एकच अर्थ शिल्लक राहतो. जास्त पानं, जास्त गिऱ्हाइकं, जास्त सगळं. त्यांचं वाक्य लिहून त्यांना परत वाचून दाखवलं असतं तर? एका मिनिटाचं काम होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

मी सांगणारच होते. तेवढ्यात त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "पढ़ो, पढ़ो. ये पूना वाली."

मी वाचलं. "काका, आठवण काढली, फार बरं वाटलं. दहा किलो पाठवा." त्याच्या खाली दुसरं, "आठवण काढली, काका! डोळ्यांत पाणी आलं. मागच्याएवढंच पाठवा." असे कितीतरी.

"सब को मेरी याद आ रही है," काकाजी म्हणाले. "मैं सोचता था, चावल ही तो है, कहीं से भी ले लेंगे. पर नहीं, बेटा. लोग छोड़ते नहीं."

आठवण कोणी काढली, ते त्या वाक्यात कुठंच नव्हतं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं काकांनी काढली. काकाजींना वाटत होतं लोकांनी काढली. काढली होती माझ्या यंत्रणेनं, रोज सकाळी आठ वाजता. मी फोन त्यांना परत दिला आणि म्हणाले, "हो, काकाजी."

आत स्वयंपाकघरात काकूंनी माझ्यापुढे पाण्याचा पेला आदळला. मग हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीच्या आधी काकाजींच्या छातीत दुखलं होतं. नागपूरला नेलं. डॉक्टरनं वजन उचलायची, वाकून काम करायची सक्त मनाई केली आणि पूर्ण आराम सांगितला. मुलगी गंगा रायपूरला असते, तिनं खोली तयार ठेवली होती. काकाजी पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून जायला तयार झाले होते. कपडे भरले होते. आणि मग टुणकन वाजायला लागलं.

"त्याईनं बॅग खोलून कपडे परत कपाटात टाकले," काकू म्हणाल्या. "म्हन्ते, लोकं एवढी माया करून राहिले, त्याईले तोंडघशी कसा पाडू? रात्री झोपत नाही, दम लागते. मले दिसते ना. मरन दिसते मले."

मी त्यांना सगळं खरं सांगितलं. निरोपाचं, शब्दाच्या घोळाचं. मला वाटलं त्या ओरडतील. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"मंग तू ते बंद कर," त्यांनी अशुभ शब्द सरळ उच्चारला. "आजच कर. पन त्याईले सांगू नोको का हे तुयी मशीन होती. त्याईले लागन ते."

घरी येऊन मी दुकान उतरवलं. लॅराव्हेलमध्ये ते फार सोपं आहे. एका ओळीची आज्ञा दिली की सगळं दुकान एका कोऱ्या पानामागे जातं. बांधायला इतके आठवडे लागतात आणि उतरवायला एवढंच, हे कोणी शिकाऊ मुलांना टिप्समध्ये सांगत नाही. आपोआप जाणारे निरोप थांबवले. अडकलेल्या ऑर्डरी भुपेंद्रच्या दुकानातून भरून पाठवायची व्यवस्था केली. कोऱ्या पानावर लिहिलं की सध्या ऑर्डर घेत नाही, काही विचारायचं असल्यास या नंबरवर फोन करा, आणि माझा नंबर दिला. मग दिवा न लावता बराच वेळ बसून राहिले. मला वाईट काकाजींचं वाटत होतं की माझ्या कामाचं, हे मला नीट सांगता येणार नाही. दोन्हींचं वाटत होतं.

मला वाटलं होतं, ऑर्डरी थांबल्या की काकाजी आपोआप रायपूरला जातील. काकूंनाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघीही मूर्ख निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांचा फोन. "बेटा, आज एक भी नहीं आई. कुछ बिगड़ा है क्या?"

"बघते, काकाजी."

त्यानंतर रोज फोन. नेट गेलं का? फोन खराब झाला का? भुपेंद्रकडून नवा फोन मागवू का? मी "बघते" म्हणायची. असं खोटं बोलणं मला नवं नाही, शाळेच्या बसवाल्यांना मी रोजच तसं सांगते. पण फोन ठेवला की दिवसभर हाताला काम लागायचं नाही.

मग काकूंचा फोन आला. "बाई, हे तर अजून बेकार झालं. पहिले काम तरी करत. आता दिवसभर फोन घेऊन दारात बसून राहतात. जेवत नाही. गंगा न्यायले आली होती, तिले परत धाडलं. म्हन्ते, मी गेलो अन् ऑर्डर आली तं? अन् रात्री मलेच विचारते, मायं काही चुकलं का?"

या शेवटच्या वाक्यानं माझा निर्णय झाला. त्यांचं चुकलं नव्हतं. काकूंनी सांगू नको म्हटलं होतं, तरी मी गेले.

काकाजी खरोखरच दारात खुर्ची टाकून बसले होते. दाढी वाढलेली, फोन मांडीवर पालथा. मी त्यांच्यापुढे पायरीवर बसले आणि थांबले तर पुढे बोलता येणार नाही हे माहीत असल्यानं एका दमात सगळं सांगितलं. तुमचा निरोप मी उलटा समजले. दुकान उतरवायचं सोडून मोठं केलं. लोकांना तुमच्या नावानं निरोप मी पाठवले. आठवण झाली हे शब्द माझे. ते तुम्हाला उत्तर देत होते. आणि आता मीच सगळं उतरवलंय, म्हणून फोन वाजत नाही. सांगताना मला रडू फुटलं आणि त्याचा मला रागही आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

काकूंनी दारामागून सगळं ऐकलं.

काकाजी खुर्चीत पुढे सरकले. मग विचारलं, "वो पूना वाली को भी तुम्हारी मशीन ने बोला था?"

"हो, काकाजी."

"और जिसने लिखा, आँख में पानी आया?"

"हो. पण काकाजी, ते लोक खोटं नव्हते बोलत. त्यांना खरंच बरं वाटलं."

"उनको तो लगा होगा," ते म्हणाले. "उनको लगा, मैंने याद किया. मैंने तो किया नहीं." त्यांनी फोन उचलून सुलटा केला, बघितला, पुन्हा पालथा ठेवला. "मुझे तो आधों के नाम भी याद नहीं."

मला माफी मागायची होती, पण कुठल्या गोष्टीची आधी मागावी तेच कळेना. ते आणखी थकलेले दिसत होते. पण दारात बसून वाट बघताना चेहऱ्यावर जो ताण होता तो गेलेला होता.

"एक बात सच बताना," ते म्हणाले. "झूठ मत बोलना अब. दुकान उतारने के बाद किसी ने पूछा? कि मुन्नालाल कहाँ गया, चावल क्यों नहीं भेजता?"

कोऱ्या पानावर माझा नंबर होता. लोक ते पान उघडत होते, ते मला दिसत होतं. उघडायचे आणि निघून जायचे. फोन एकाचाही आला नव्हता. हो म्हणावं, एकदोन नावं सांगावीत, असं जिभेपर्यंत आलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी खुर्ची दारातून हलवली नसती.

"नाही, काकाजी," मी म्हणाले. "कोणीच नाही विचारलं."

त्यांनी मान हलवली. मग खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला.

"देवका," त्यांनी आत हाक मारली, "गंगा को फोन लगा. बोल, आ रहे हैं. अब जाने में कोई हरकत नहीं."